चर्चच्या मेडिकल ट्रिपला ग्वाटेमालाला जाऊ का? (बीडीएस आहे, अमेरिकेचं लायसन्स नाही)

इस्लामपूरची_डेंटिस्ट

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसतं वाचतेय, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली. प्रश्न लांबलचक आहे पण आठवडाभर डोक्यात तेच चाललंय आणि इथे घरात आम्ही दोघंच, तिसरं माणूस नाही बोलायला.

मी सांगलीला बीडीएस केलं, मग इस्लामपूरला एका सरांच्या दवाखान्यात चार वर्षं काम केलं. खेड्यापाड्यातले पेशंट, ऊसतोडीवाले, म्हाताऱ्या बायका, दिवसाला सहज आठ-दहा दाढा काढायचे. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन टेक्सासला आले. एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावरचा डिपेंडंट व्हिसा) आहे, आयएनबीडीईचा, म्हणजे इथल्या डेंटिस्टच्या परीक्षेचा, अभ्यास चालू आहे, तोपर्यंत इथे कोणाच्या तोंडात हात घालायची मला परवानगी नाही. दोन वर्षं फोरसेप्स, म्हणजे दाढ काढायचा चिमटा, हातात धरलेला नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते, हात रिकामे वाटतात.

आमच्या शेजारी एक आजी राहतात, रिटायर्ड नर्स, माझा खूप जीव आहे त्यांच्यावर. त्यांच्या चर्चचा चौदा जणांचा ग्रुप मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेकला ग्वाटेमालाला जातोय, आठ दिवस, चिमाल्तेनांगो म्हणून भाग आहे तिथल्या डोंगरातल्या गावांत कॅम्प घेणार. एक फॅमिली डॉक्टर आहे, दोन नर्स आहेत, बाकी हायस्कूलची मुलं आणि त्यांचे आईवडील. एक डेंटिस्ट येणार होता त्याचं रद्द झालं. तर आजी म्हणाल्या, तू डेंटिस्टच आहेस ना मग तूच चल, तिथे तुला लायसन्स कोणी विचारणार नाही.

मला आधी इतका आनंद झाला की मी लगेच हो म्हणून टाकलं. रात्री झोपायला गेले आणि ते वाक्य काही डोक्यातून जाईना. इथे चालत नाही ते तिथे का चालतं? पण मग असंही वाटतं की मी काही शिकाऊ नाही, चार वर्षं हेच केलंय, महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे माझं, आणि तिथे दाढ धरून बसलेल्या माणसाला कागदाशी काय घेणंदेणं.

खर्च माणशी २१०० डॉलर येतोय, नवरा म्हणतो जा, पैशाचं बघू. सासूबाईंनी फोनवर विचारलं की त्यात धर्माचं काही आहे का. आम्ही हिंदू, आजींना ते माहितीये, त्यांनी आजपर्यंत कधी तसला विषयही काढलेला नाही, पण ग्रुपचं काय असतं मला ठाऊक नाही. कोणी अशा ट्रिपला गेलंय का? खरंच उपयोग होतो का लोकांना? स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही.

मिरजेची_सिस्टर

अगं तू मला लेकीच्या वयाची, अगंतुगं करते, चालेल ना? मी मूळची नगरची, ख्रिस्ती, नर्सिंग मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात केलं, आता बावीस वर्षं ह्यूस्टनला आहे. मी ग्वाटेमालाला तीनदा जाऊन आलेय चर्चबरोबर, तू म्हणतेस त्याच भागाच्या जवळ, सोलोलाकडे. कुठल्या चर्चबरोबर ते लिहीत नाही, माणसं मनाने चांगली होती, पण जे पाहिलं ते सगळं सांगते.

पहिल्या वर्षी गेलो तेव्हा शाळेच्या एका वर्गात कॅम्प होता. आम्ही येणार म्हणून फरशीवर पाइनच्या हिरव्या सुया अंथरल्या होत्या, तिकडे सणाला पाहुण्यांना तसं करतात, आपल्याकडे दारात रांगोळी घालतात ना तसं. सगळ्या खोलीभर तो वास. आणि बाहेर पहाटेपासून रांग, बायका पाठीला पोरं बांधून उभ्या, अंगात त्यांचे ते हातमागाचे ब्लाउज, वीपील म्हणतात, प्रत्येक गावाची नक्षी वेगळी. माझं तर त्या पाइनच्या सुयांवर पाय ठेवायलाच मन होईना.

आता भाषेचं बघ. आपल्याला वाटतं ग्वाटेमाला म्हणजे स्पॅनिश. पण डोंगरातल्या म्हाताऱ्या बायकांना स्पॅनिश येतंच असं नाही, त्यांची भाषा काक्चिकेल, पलीकडे किचे, तिथे वीसच्या वर माया भाषा आहेत. म्हणजे मी इंग्रजीत विचारायचं, आमच्यातली कॉलेजची मुलगी ते स्पॅनिशमध्ये सांगणार, मग गावातली एक शाळकरी पोरगी ते काक्चिकेलमध्ये सांगणार, आजी दोन मिनिटं हातवारे करून काहीतरी बोलणार आणि माझ्यापर्यंत येताना त्याचं "डोकं दुखतं" एवढंच व्हायचं. त्या दोन मिनिटांत ती काय बोलली असेल हे मला अजून आठवतं.

त्या आजीचं बीपी निघालं १९८ वर ११०. डॉक्टरांनी तीस गोळ्या दिल्या, झिपच्या छोट्या पिशवीत, वाचता येत नाही म्हणून पिशवीवर सूर्याचं चित्र, म्हणजे सकाळी एक. आम्ही फोटो काढले, मिठ्या मारल्या, निघालो. दुसऱ्या वर्षी मी त्याच गावात, तीच आजी रांगेत, मला ओळखलं तिने. कमरेच्या पट्ट्यातून तिने ती पिशवी काढली, तीच, सूर्य पुसत आलेला, आणि आत अकरा गोळ्या शिल्लक. डोकं फार दुखलं की एक घ्यायची, असं करून तिने त्या पुरवून पुरवून वर्षभर वापरल्या होत्या, आम्ही परत येईपर्यंत संपू नयेत म्हणून. बीपीची गोळी अशी घेऊन काय उपयोग, पण तिला ते सांगणार कोण होतं, आम्ही तर एका वर्षाने उगवलो.

मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी टीमच्या ड्रायव्हरला विचारलं की इथे सरकारी दवाखाना कुठे आहे. निघाला चार किलोमीटरवर. सेंत्रो दे सालुद म्हणतात, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारखं. तिथली नर्स काक्चिकेल बोलणारी, त्याच गावांत लसीकरणाला पायी फिरणारी, आणि आमच्या टीमपैकी इतक्या वर्षांत एकही जण तिला भेटलेला नव्हता. तिने मला तिचं रजिस्टर दाखवलं आणि दोनच गोष्टी मागितल्या. तुम्ही बघाल त्या पेशंटची नावं, बीपी, शुगर आणि औषध माझ्या वहीत लिहा, आणि जी औषधं माझ्याकडे मिळतात तीच सुरू करा, म्हणजे तुम्ही गेल्यावर मी पुढे देऊ शकेन. तिसऱ्या वर्षी आम्ही तसं केलं. मोठा फरक पडला.

धर्माचं विचारलंस. पहिल्या वर्षी टेबलांची रांग अशी होती की आधी तपासणी, मग प्रार्थनेचं टेबल, मग शेवटी औषधं. म्हणजे प्रार्थनेला बसल्याशिवाय औषधापर्यंत पोचताच यायचं नाही. मी रोज प्रार्थना करणारी बाई आहे, पेशंटजवळ मनातल्या मनात तर हमखास करते, पण हे मला सहन झालं नाही, मी लीडरला सांगितलं की आजारी माणूस नाही म्हणू शकत नाही अशा जागी प्रार्थना ठेवू नका. त्याने ऐकलं, टेबल बाहेर झाडाखाली नेलं, ज्याला यायचंय तो येईल. आणि तिथली माणसं काही नव्याने ख्रिस्ती व्हायची नाहीयेत, कॅथलिक आहेत नाहीतर इव्हँजेलिकल आहेत, गावागावात चर्च आहेत. तू तुझ्या ग्रुपला हे सरळ विचार, तुला कुठल्या टेबलावर बसवणार आणि त्याच्या आधी-नंतर काय आहे.

एक सांगते आणि थांबते. तू सांगलीची, वानलेसवाडीवरून शंभरदा गेली असशील. ते ज्यांचं नाव ते डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ ला भारतात आले, १८९४ ला मिरजेचं हॉस्पिटल उभं केलं आणि १९२८ पर्यंत इथेच राहिले. तेही मिशनवालेच. त्यांनी ऑपरेशनं केली तशी इथल्या मुलामुलींना शिकवून तयारही केलं, म्हणून माझ्यासारखी नगरची पोरगी तिथे नर्स होऊ शकली. सगळ्यांना एवढं राहणं जमत नाही, मलाही जमलं नाही. पण आठ दिवस जाणाऱ्याने तिथे कायम राहणाऱ्या नर्सच्या हाताखाली काम करावं असं माझं ठाम मत झालंय.

गावाकडचा_डॉक्टर

सिस्टरांचं सगळं पटलं. मी बीड जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो, ग्वाटेमालाला गेलेलो नाही, पण चिमाल्तेनांगो हे नाव वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

आपल्याकडे जामखेड म्हटलं की डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आठवतात. १९७० ला त्यांनी तिथे काम सुरू केलं, गावातल्या बायकांना, त्यातल्या कित्येक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, आरोग्य सेविका म्हणून तयार केलं, १९७९ ला मॅगसेसे मिळाला. तेही श्रद्धाळू ख्रिस्ती डॉक्टर. आता त्याच काळात तिकडे चिमाल्तेनांगोला कॅरोल बेहरहोर्स्ट नावाचे अमेरिकन डॉक्टर होते, कॅन्सासचे, लुथरन चर्चमार्फत ग्वाटेमालाला गेलेले, १९६२ ला त्यांनी तिथे दवाखाना सुरू केला. त्यांच्या लक्षात आलं की तीच पोरं तेच जुलाब घेऊन परत परत येतात. मग त्यांनी काक्चिकेल गावांतल्याच माणसांना आरोग्य प्रमोटर म्हणून शिकवायला घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ ला जगभरातल्या अशा कामांवर एक पुस्तक काढलं त्यात एक प्रकरण जामखेडवर आहे आणि एक चिमाल्तेनांगोवर. पुढे तीन वर्षांनी सोव्हिएत संघातल्या आल्मा-आटा या शहरात सगळ्या देशांनी प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा केला, त्याच्या मागे अशीच कामं होती. म्हणजे तुम्ही जिथे निघालात ती गावं आपल्या जामखेडची सख्खी बहीणच समजा.

बेहरहोर्स्ट यांनी तिथल्या गरजांचा क्रम लावला होता. वरती सामाजिक-आर्थिक अन्याय, मग जमिनीचा प्रश्न, मग शेती आणि तिचा बाजार, लोकसंख्या, कुपोषण, आरोग्याचं शिक्षण, आणि औषधोपचार सगळ्यात शेवटी. एक डॉक्टर स्वतःच्या कामाला शेवटचा नंबर देतो हे मी विद्यार्थी असताना वाचलं आणि ते माझ्या मनात कायमचं बसलं. १९६० ते १९९६ तिथे यादवी चालली, गावात काम करणारे कित्येक आरोग्य प्रमोटरसुद्धा त्यात मारले गेले, हेही तिथे जाणाऱ्याने माहीत करून घ्यावं. तुम्हाला भेटणाऱ्या साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाने ते बघितलेलं आहे.

आता तुमच्या लायसन्सच्या वाक्याबद्दल. १९४६ ते १९४८ या काळात अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याच्या डॉक्टरांनी ग्वाटेमालात कैदी, सैनिक आणि मनोरुग्णालयातल्या लोकांना मुद्दाम सिफिलिस, गनोरियाची लागण केली, त्यांच्या संमतीशिवाय. अमेरिकेत करता आलं नसतं ते तिथे केलं. २०१० ला हे उजेडात आलं आणि राष्ट्राध्यक्ष ओबामांनी फोन करून माफी मागितली. तुमच्या ग्रुपचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही, तुम्ही मदतीला निघालाय. पण "तिथे कोणी विचारणार नाही" हे वाक्य त्या देशात कसं ऐकू येत असेल एवढं लक्षात असू द्या. आणि खरं तर विचारतात. बाहेरच्या डॉक्टरांना तिथल्या आरोग्य खात्याची आणि तिथल्या डॉक्टर-डेंटिस्टांच्या कोलेहियोची, म्हणजे आपल्या कौन्सिलसारख्या संस्थेची, परवानगी घ्यावी लागते. तुमची डिग्री खरी, अनुभव खरा, मग ते कागद रीतसर पाठवून परवानगी मागायला संकोच कशाला.

चौदा जण गुणिले २१०० म्हणजे २९४०० डॉलर होतात. तेवढ्यात काय काय होऊ शकतं याचा हिशेब ग्रुपने एकदा मांडून बघावा असं मला मनापासून वाटतं.

सोलापूर_ते_सॅनहोजे

मला जरा वेगळं म्हणायचंय. माझे वडील मंगळवेढ्याजवळच्या गावात राहायचे, १९८८ च्या आसपासची गोष्ट, त्यांची दाढ महिनाभर ठणकत होती, गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता, सोलापूरला जायला पैसे नव्हते. बाहेरगावच्या डॉक्टरांचं एक शिबिर गावात आलं एका दिवसासाठी, त्यांनी दाढ काढली आणि गेले. परत कधी आले नाहीत, नाव माहीत नाही, फॉलोअप वगैरे काही नाही. वडील शेवटपर्यंत त्यांची आठवण काढायचे. तेव्हा व्यवस्था, शाश्वत विकास हे सगळं बरोबर आहे पण ज्याची दाढ दुखतेय त्याला त्या दिवशी ती काढून हवी असते. ताई, तुमच्या हातात कला आहे, जा. सगळं शंभर टक्के नीट होईपर्यंत थांबलात तर तो माणूस तसाच गाल धरून बसलेला असेल. पैशाचा हिशेबही तसाच, ट्रिप रद्द केली तर ते २९४०० कोणी चिमाल्तेनांगोला पाठवणार आहे का, लोक ते डिस्नेला जाऊन खर्च करतील.

पुण्याची_दंतवैद्य

सोलापूरकर, तुमच्या वडिलांचं वाचून गलबलून आलं, आणि तुमचं म्हणणं खोटं नाही. मी स्वतः मेळघाटात आणि वेल्ह्याच्या बाजूला शिबिरं केलीत, दाढ निघाल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याला तोड नाही. पण मी दुसरी बाजूही बघितलीय म्हणून इस्लामपूरकर ताईंना धंद्यातलं चार शब्द सांगते.

दाढ काढल्यावर पहिले दोन दिवस बरे जातात. ड्राय सॉकेट होणार असेल तर तो साधारण दुसऱ्या-चौथ्या दिवसाच्या मध्ये होतो, खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून जाते, आत हाड उघडं पडतं आणि दाढ असताना दुखत नव्हतं एवढं दुखायला लागतं, कानापर्यंत कळा. तुम्हाला हे पाठ आहे, पण कॅम्पच्या कॅलेंडरवर बसवून बघा. तुम्ही एका गावात एक दिवस, दुसऱ्या दिवशी पुढचं गाव, आठव्या दिवशी विमान. म्हणजे तुमच्या पेशंटला त्रास होणार तेव्हा तुम्ही त्या गावात नसणारच. मेळघाटात माझ्या एका पेशंटला असं झालं, बाई पाच दिवस तंबाखूची मिश्री त्या खड्ड्यात भरत होती कळ थांबावी म्हणून, मला पंधरा दिवसांनी कळलं. तेव्हापासून माझा नियम, जिथे पाचव्या दिवशी बघणारा कोणीतरी माणूस नाही तिथे मी जी दाढ थांबू शकते ती काढत नाही. सूज असलेली, पू झालेली काढते, ती ठेवणं जास्त धोक्याचं.

मग करायचं काय, तर खूप काही करता येतं. पोरांच्या किडलेल्या दातांना सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावा, ड्रिल नको, भूल नको, वीज नको, कीड थांबते. दात काळा पडतो तेवढं आईला आधी दाखवून सांगा, नाहीतर घरी गेल्यावर तिला वाटतं डॉक्टरने दात बिघडवला. हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर भरता येतं. सिल्व्हर डायमाइन आणि ग्लास आयोनोमर दोन्ही २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, म्हणजे हे काही गरिबांसाठीचं दुय्यम काम नाही. आणि मुख्य म्हणजे तिथल्या नर्सला किंवा आरोग्य प्रमोटरला हे शिकवता येतं, तुम्ही गेल्यावर ती लावत राहील.

निर्जंतुकीकरणाबद्दल आत्ताच विचारून ठेवा. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र, आहे का, वीज नसेल तर गॅसवरचा प्रेशरवाला आहे का, हत्यारांचे किती सेट आहेत. १२१ डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं प्रेशर धरावं लागतं, वर गरम व्हायचा आणि गार व्हायचा वेळ वेगळा, म्हणजे एक फेरी तासाभराची धरा. पाच सेट आणि साठ पेशंट असतील तर गणित जुळत नाही, आणि मग कोणीतरी म्हणतं सोल्युशनमध्ये बुडवून घ्या, लोक थांबलेत. तिथे तुम्ही ठाम नाही म्हणायचं. हिपॅटायटिस बी असल्या घाईतूनच पसरतो. आणि हायस्कूलच्या पोरांना सुई किंवा हत्यार हातात देणार असतील तर तिथेही नाही म्हणा, पोरं उत्साहाने करतात आणि पालक फोटो काढतात, पण खुर्चीत बसलेलं पोर कोणाचं तरी आहे.

ऑस्टिनकर

फक्त व्हिसाचं सांगतो कारण यात लोक अडकतात. पासपोर्टवरचा एच-फोरचा स्टॅम्प चालू आहे का बघा. नुसतं आय-७९७, म्हणजे मंजुरीचं पत्र, असून भागत नाही. स्टॅम्प संपला असेल तर कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या ट्रिपवरून परत येताना सवलत मिळते ती ग्वाटेमालाला लागू नाही, परत येण्याआधी स्टॅम्पिंग करावं लागेल आणि तिसऱ्या देशात ते मिळणं आता फार अवघड झालंय. भारतीय पासपोर्टवर ग्वाटेमालाला प्रवेशाचं त्यांच्या वकिलातीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. चर्चचे बाकी सगळे अमेरिकन पासपोर्टवाले, त्यांच्या हे डोक्यातही येणार नाही.

मिरजेची_सिस्टर

सोलापूरकर भाऊ, तुमच्या वडिलांची गोष्ट मी सकाळपासून मनात घेऊन फिरतेय. मी पण म्हणतच नाही की जाऊ नका, मी तर तीनदा गेले. पण ती अकरा गोळ्यांची पिशवीही तितकीच खरी आहे. दाढ निघाली की त्या दाढेचं काम संपतं, बीपी-शुगरचं तसं नाही, ते जन्माचं असतं. ज्याचं काम एका दिवसात पुरं होतं ते एका दिवसाच्या माणसाने करावं, ज्याला वर्षं लागतात ते तिथल्याच माणसाच्या हातात द्यावं, एवढंच माझं म्हणणं.

आणि ताई, एक राहिलं. घरून औषधं गोळा करून नेतात ना, शेजाऱ्यांकडून उरलेल्या बाटल्या, ते करू देऊ नकोस. आमच्या बॅगांमध्ये एक्स्पायरीला महिना राहिलेली औषधं निघाली होती, लेबल सगळी इंग्रजीत. नियम असा आहे की दान दिलेलं औषध पोचल्यावर त्याची मुदत निदान वर्षभर तरी शिल्लक हवी आणि त्यावरचं लिहिलेलं तिथल्या लोकांना वाचता यायला हवं. जंताच्या गोळ्या तर तिथे सरकारी केंद्रातही असतात, आपण वाटण्याआधी विचारायचं की मुलांना शेवटच्या कधी दिल्या.

इस्लामपूरची_डेंटिस्ट

बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा, मधे बरंच काही झालं. सगळ्यांचे मनापासून आभार. मी तुमची उत्तरं भाषांतर करून आजींना वाचून दाखवली, मिरजेच्या सिस्टरांचं वाचताना आजी रडल्या. म्हणाल्या मी सहा वर्षं जातेय, मला कोणी असं विचारलंच नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. मग आम्ही दोघी मिळून ग्रुपच्या लीडरकडे गेलो. मला भीती होती की नवीन आलेली पोरगी, ती पण दुसऱ्या धर्माची, शिकवायला लागली असं वाटेल त्यांना. तसं काही झालं नाही. ते शाळेत शिक्षक आहेत, त्यांनी वही काढून लिहून घेतलं.

तिथे गावात ज्या चर्चमार्फत हे जातात तिथल्या बाईंशी व्हिडिओ कॉल केला. त्यांनी सेंत्रो दे सालुदच्या नर्सला बोलावून आणलं होतं. नर्स म्हणाली चिमाल्तेनांगोमध्ये एक डेंटिस्ट आहेत, त्या महिन्यातून एकदा गावांत येतात, त्यांना विचारते. आता असं ठरलंय की त्या चार दिवस आमच्याबरोबर येणार, ग्रुप त्यांची रोजची फी देणार, दाढा त्या काढणार आणि मी त्यांची असिस्टंट. माझे डिग्रीचे आणि कौन्सिलचे कागद मी स्पॅनिशमध्ये भाषांतर करून पाठवलेत, परवानगी आली तर मी फिलिंगही करेन, नाही आली तर सक्शन धरेन आणि हत्यारं धुवेन. खरं सांगू, फोरसेप्स हातात येणार नाही याचं दोन दिवस फार वाईट वाटलं. मग त्या डेंटिस्टताईंशी बोलले आणि पाऊण तास आम्ही नुसतं अक्कलदाढांवर बोलत होतो, मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी, आणि कित्येक महिन्यांनी मला डेंटिस्ट असल्यासारखं वाटलं.

मी विचारलं काय आणू, तर म्हणाल्या टूथब्रश नका आणू, गेल्या तीन ग्रुपचे खोक्यात पडून आहेत. ग्लास आयोनोमर आणा, भुलीच्या लिग्नोकेनच्या कार्ट्रिज आणा, आणि सिल्व्हर डायमाइन मिळालं तर दोन बाटल्या. ड्राय सॉकेटचं मी घाबरत विचारलं, तर त्या हसल्या, म्हणाल्या मी इथेच आहे, माझा नंबर प्रत्येकाला लिहून देऊ आणि मी पुढच्या सोमवारी त्याच गावांत फेरी मारेन, तेवढा गाडीखर्च द्या. तो द्यायचा ठरलाय. प्रार्थनेचं टेबल यंदा दुसऱ्या खोलीत, औषधांशी त्याचा संबंध नाही. सासूबाईंना हे सगळं सांगितलं, त्या म्हणाल्या मग जा, आणि स्वेटर ने.

हायस्कूलच्या मुलांचं मात्र अजून सुटलेलं नाही. दोन पालकांना वाटतं की मुलांनी निदान फ्लोराइड वार्निश तरी लावावं, कॉलेजच्या अर्जात लिहिता येईल. मी नाही म्हणाले, लीडरांनी बघू म्हटलंय. पैशांचा हिशेबही मांडला, कमी झालेल्या एका माणसाच्या जागी नवीन माणूस न घेता ते पैसे त्या नर्सच्या गावातल्या दोन आरोग्य प्रमोटरांच्या ट्रेनिंगला द्यायचं बोलणं चाललंय, अजून नक्की नाही. स्टॅम्प पुढच्या वर्षीपर्यंत चालू आहे, ऑस्टिनकर, वकिलातीला ईमेल केलीय.

आणि त्या नर्सला मी म्हटलं की दाढ काढल्यानंतर काय पाळायचं ते मला काक्चिकेलमध्ये शिकव. ती व्हॉट्सअॅपवर छोटे छोटे व्हॉइस मेसेज पाठवते. कापूस अर्धा तास दाबून धरा. आज थुंकू नका, गुळण्या करू नका. तिसऱ्या दिवशी दुखलं तर या नंबरवर फोन करा. मी पोळ्या लाटताना ते लावून ठेवते आणि मागून म्हणते. आतापर्यंत मला फक्त मात्योश, म्हणजे धन्यवाद, नीट म्हणता येतं, तिसऱ्या दिवसाचं वाक्य अजून जिभेवर बसत नाहीये, त्यात घशातून अडवून काढायचा एक आवाज आहे तो ती मला रोज दुरुस्त करून परत पाठवते.